दोराचं वरचं टोक

चंदरच्या तळहातांवर रेषा उरल्या नव्हत्या. एकदा रामकुंडावरच्या एका ज्योतिषाने त्याचा हात हौसेने ओढून घेतला, उलटसुलट केला आणि टाकून दिला. "हा हात आहे की सहाण?" तो म्हणाला. "यात वाचायचं काय?" चंदरला मात्र त्या हातात बरंच काही दिसायचं. बोटांच्या मुळाशी कातडं टणक होऊन पिवळं पडलं होतं. तिथे धोंडीरामचं वजन होतं. बारा वर्षं ते वजन चंदरच्या हातात होतं, आणि बारा वर्षं ते वजन त्याच्या बहिणीला मारत होतं.

धोंडीराम म्हणजे त्याचा दाजी, थोरली बहीण कुसाबाई हिचा नवरा. दोघे मिळून नाशिकमधल्या उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायचे. फळीवर बसून, कमरेलाही तोच दोर बांधून भिंतीशी लोंबकळायचं आणि पुसायचं, ते धोंडीरामने. चंदर गच्चीवर. दोराचा एक वेढा टाकीच्या खांबाला, एक स्वतःच्या कमरेला, आणि टोक मुठीत. कठड्यावर गोणपाट, म्हणजे दोर घासून तुटू नये. खालून एक हिसका आला की सैल सोडायचा, दोन आले की थांबायचं, तीन आले की वर ओढायचं. बस. लोक खालून वर बघत तेव्हा त्यांना धोंडीराम दिसायचा. चंदर कुणालाच दिसायचा नाही.

हे काम त्यांनी शहरात शिकलेलं नव्हतं. पेठच्या डोंगरातल्या त्यांच्या पाड्यावर चार-पाच घरं कड्यावरचं आग्या मोहोळ उतरवणारी होती, आणि त्या घरांची एक रीत होती. कड्यावरून उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावाने धरायचा. दुसऱ्या कुणी नाही. सख्खा भाऊ जमिनीच्या तुकड्यासाठी दोर सोडू शकतो, मित्र बाईसाठी सोडू शकतो, बाप म्हातारा असतो. बायकोचा भाऊ सोडत नाही. सोडला तर बहिणीचं कपाळ पांढरं होतं. आणि दोर झाडाला बांधायचा नाही, हे तर पोरासोरांनाही ठाऊक असायचं. म्हातारी माणसं म्हणत, झाडाला बहीण नसते.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात धोंडीराम कड्यावरून उतरला, तेव्हा चंदर सतरा वर्षांचा होता. आई चंद्रभागा कड्याच्या वाटेपर्यंत आली. तिने त्याच्या दोन्ही मुठी आपल्या हातांत धरल्या. "ह्या मुठीत तुझ्या बहिणीचं कुंकू हाय," ती म्हणाली. "हात तुटला तरी चालंल."

धोंडीराम धुरीचा पेंढा घेऊन मोहळापाशी पोचला आणि वारा फिरला. धूर उलटा वर आला. धुरामागून माश्या आल्या. त्या चंदरच्या पापण्यांवर, ओठांवर, कानांत बसल्या. एक हात मोकळा करून तोंड झाकावं, इतकंच त्याला हवं होतं. त्याने तो केला नाही. डोळे सुजून मिटले तरी तो आंधळ्यासारखा दोर ओढत राहिला. धोंडीराम वर आला, त्याच्या तोंडाकडे बघून खदखदून हसला. "पार भोपळा झाला रं तुझा!" मग त्याने चंदरच्या पाठीवर थाप मारली. "पण सोडला नाय. आता मला मरण नाय बघ."

हे तो गमतीने बोलला नव्हता. त्या दिवसापासून तो ते खरंच मानून चालला.

दरसाल ते द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरीकडे यायचे. पंच्याण्णव साली बागाईतदाराच्या नाशिकमधल्या नातलगांच्या इमारतीला सज्जाखाली मोहोळ लागलं. फवारणीवाली माणसं येऊन डसून घेऊन पळाली होती. कुणीतरी धोंडीरामचं नाव काढलं. गंगापूर रोडवरची ती इमारत सात मजल्यांची. धोंडीरामने गच्चीतून खाली बघितलं आणि तो पचकन थुंकला. "हा काय कडा हाय?"

मोहोळ अर्ध्या तासात उतरलं. तो अजून लोंबकळत होता तेवढ्यात पाचव्या मजल्यावरची खिडकी सरकली आणि एक बाई बाहेर डोकावली. तिचं नाव मोहिनीबाई. "अहो, तिथे आहातच तर ही काच पुसून द्या ना," त्या म्हणाल्या. "चार दिवाळ्या झाल्या, बाहेरून हात पोचत नाही." त्यांनी आतून ओलं फडकं आणि वर्तमानपत्राचे बोळे दिले. धोंडीरामने काच पुसली. काचेतून पहिल्यांदा गंगापूरकडचे डोंगर दिसले, तशा मोहिनीबाई टाळ्या वाजवायला लागल्या. खालच्या मजल्यावरून आवाज आला, "आमचीपण!" त्या संध्याकाळपर्यंत धंदा ठरून गेला होता.

पाडा सुटला. कालव्याच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या. एकीत धोंडीराम आणि कुसाबाई, दुसरीत चंदर. मध्ये एक पत्रा. कुसाबाईला मोहिनीबाईंकडेच धुण्याभांड्यांचं काम मिळालं.

भिंतीवर धोंडीराम देखणा दिसायचा. पारव्यांची वाळलेली घाण तो पत्तीने अशी खरवडायचा, की काचेला ओरखडा नाही. एका पायाने भिंत ढकलून दोन खिडक्यांमधलं अंतर तो झोक्यासारखा कापायचा. जमिनीवर उतरला की मात्र त्याचा तोल जायचा. रिक्षावाला ओरडला तरी मूठ वळायची. वर असताना त्याला कुणी शिवू शकत नव्हतं आणि खाली कुणीही शिवत होतं, हे त्याला सहन व्हायचं नाही.

अठ्ठ्याण्णव साली एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो आंघोळीच्या खोलीची झडप पुसत होता. आत कुणी नव्हतं. शेजारच्या खिडकीतून घराचा म्हातारा मालक बाहेर डोकावला. "आमच्या सुनेला बघतोस, नालायका?" असं म्हणून त्याने जाळी झाडायच्या लांब बांबूने धोंडीरामच्या बोटांवर मारायला सुरुवात केली. बोटं दोरावर होती. हात सोडता येत नव्हता, चुकवता येत नव्हता. दहा-बारा फटके बसले. दोराला रक्त लागलं. वर चंदरला फक्त हिसके येत होते, एक, दोन, पाच, आठ. त्यांचा अर्थच लागेना. त्याने अंदाजाने खाली सोडलं, तर खाली वॉचमन आणि चार गृहस्थ उभेच होते. त्यांनी धोंडीरामला फळीवरून ओढून चपलांनी, काठीने मारलं. चंदर सात जिने उतरून आला, तर त्यालाही घेतलं. कुणी विचारलं नाही. सून नंतर गॅलरीत येऊन म्हणाली, की मी तर सकाळपासून माहेरी होते, आत्ता येतेय. तेव्हा गृहस्थ घामेजले होते. ते आपापल्या घरी गेले.

धोंडीराम तसाच निघाला. घरी कुसाबाई चुलीपाशी बसली होती. त्याने पेटतं लाकूड उचललं.

पत्र्याच्या पलीकडे चंदर हुंदके मोजत बसला नाही. तो धावून गेला. त्याने दाजीची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं. धोंडीराम उठला, त्याने डोकं चंदरच्या तोंडावर मारलं. दोन दात चुलीपुढच्या राखेत पडले. मग चंदरच्या पाठीत फुकणी बसली, एकदा, दोनदा. मारणारी कुसाबाई होती. तिच्या पदराला जळका वास येत होता.

"माझ्या नवऱ्यावर हात टाकतो? चल हो भायेर!"

धोंडीराम हसला. "बघितलं? आन् तू दोर सोडशील? सोड ना उद्या. बहिणीचं कपाळ पुसून टाक. सोड!"

दुसऱ्या दिवशी नळावर कुसाबाईने चंदरला गाठलं. तिच्या दंडावर फोड आले होते. "चंद्या, तू त्याला एक मारली, की मला चार बसतात," ती म्हणाली. "एवढं कळंना तुला? दात गेले ते गेले, अक्कलबी गेली का?"

चंदर बोबड्या तोंडाने म्हणाला, "मी दोराला जाणार नाय. बसू दे उपाशी."

तो चार दिवस गेला नाही. धोंडीरामने दुसरा माणूस बघितला नाही. त्याच्या डोक्यातच ते आलं नाही. तो घरी बसला, प्याला, आणि चार दिवस त्याने कुसाबाईला मारलं. पोटात सहा महिन्यांचं होतं, ते गेलं. पाचव्या दिवशी ती भिंतीला धरत धरत चंदरच्या दारात आली.

"जा बाबा, दोर धर," ती म्हणाली. "तो वर टांगलेला असतो तेवढाच येळ मी सुटते."

हे वाक्य चंदरच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. त्यानंतर त्याच्या कामाचा अर्थ बदलला. पूर्वी तो धोंडीराम पडू नये म्हणून दोर धरायचा. आता तो धोंडीराम उतरू नये म्हणून धरायला लागला. एक हिसका आला तरी दोर दमादमाने सोडायचा. गोणपाट सरकलंय म्हणून अर्धा अर्धा तास थांबवायचा. वरून ओरडायचा, "दाजी, उजवीकडची वरची काच डागाळलेली दिसते बरं का!" गच्चीवरून काच दिसत नाही हे धोंडीरामला कधी सुचलं नाही. निफाडकडचा कारभारी नावाचा म्हातारा वॉचमन म्हणायचा, "काय रे माकडांनो, पूर्वी एका दिवसात इमारत करायचात, आता तीन लागतात. म्हातारे झालात का?" चंदर म्हणायचा, "काचा वाढल्या, कारभारीदादा."

असे तासांचे तुकडे गोळा करत त्याने सहा वर्षं काढली. त्याने स्वतः लग्न केलं नाही. मुलगी दाखवायला आलेल्या पाहुण्यांना तो म्हणायचा, माझे दोन्ही हात गुंतलेत.

मोहिनीबाई बघत होत्या. बघणं त्यांना टाळता आलं नसतं. कुसाबाईचा डोळा कधी काळा, कधी कान सुजलेला.

"पडलीस का गं परत?"

"व्हय बाई. मोरीत."

"सारखी कशी पडतेस? कॅल्शियम कमी असेल. गोळ्या देते, घे."

कुसाबाई त्या गोळ्या घेऊन यायची आणि चंदरला दाखवून हसायची. डाव्या कानाने तिला आता ऐकू यायचं नाही, म्हणून ती मोठ्याने हसायची.

दोन हजार चारच्या दिवाळीआधीचा आठवडा. मोहिनीबाईंच्याच इमारतीचं काम लागलं होतं. पाड्यावरची ललिता, कुसाबाईची मावसबहीण, दिंडोरीजवळच्या एका बागेत कायमची राहिली होती. बाजाराला आली तेव्हा ती कुसाबाईला म्हणाली, "बागेत खोली हाय, मालकीण बाई बरी हाय. तू नुसती ये. दोनच्या गाडीने ये, मी फाट्यावर उभी ऱ्हाते." कुसाबाईने चंदरला हे सांगितलं. आणि मग, का कोण जाणे, तिने ते धोंडीरामलाही सांगितलं. कदाचित तिला वाटलं असेल की बारा वर्षांनी सांगून जावं.

ती जायची त्या दिवशी चंदर सकाळीच गच्चीची किल्ली घ्यायला पुढे गेला होता. धोंडीराम नंतर आला, फळीवर बसला, उतरला. शीळ घालत होता. चंदरला काही कळलं नव्हतं.

साडेबाराच्या सुमारास गच्चीचं दार वाजलं. कुसाबाई सात जिने चढून आली होती. कामवाल्यांना लिफ्ट नव्हती. तिने डावा हात उजव्या हातात बाळासारखा धरला होता. मनगटाच्या वर चार बोटं हात भलत्याच दिशेला वळला होता आणि जांभळा पडला होता.

"दाराच्या फटीत घातला," ती म्हणाली. "आन् दार लावलं. दोनदा. म्हणला, आता कर छाटणी."

चंदरला दोर धरून बसल्यामुळे उठता येत नव्हतं. तो बसल्याजागी थरथरायला लागला. थरथर दोरात उतरली असावी, खालून दोन हिसके आले. थांब.

"कितव्याला हाय?" तिने विचारलं.

"पाचव्या. मोहिनीबाईंच्या."

ती कठड्यापाशी गेली. तिने खाली बघितलं नाही, दोराकडे बघितलं. गोणपाटावरून तो ताठ खाली गेला होता.

"सोड," ती म्हणाली.

"बाय..."

"तुझ्या मुठीत माझं कुंकू हाय ना? माझंच हाय ना ते? आयचं नाय, पाड्याचं नाय. मग मी सांगते. सोड."

बारा वर्षं चंदरला वाटत होतं की कधीतरी आपलाच हात आपलं ऐकणार नाही, एखाद्या दिवशी तो आपोआप उघडेल. बहीणच येऊन मोकळीक देईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याने कमरेचा वेढा काढला. मूठ सैल केली. दोर खांबाला घासत हातभर सरकला. खालून लगेच आवाज आला.

"ए सुक्काळीच्या! झोपला का वर?"

त्या शिवीत भीतीचा लवलेश नव्हता. माणूस घरात पाटावर बसून जेवताना मीठ मागतो, तसा तो आवाज होता. चंदरची मूठ परत मिटली. कुसाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसता थकवा होता.

"होत नाय तुझ्याच्यानं," ती म्हणाली.

"नाय."

मग त्याने दोराचं टोक टाकीच्या खांबाभोवती आणखी दोनदा फिरवलं आणि गाठ मारली. एक, वर दुसरी. पाय लावून ताणून बघितली. खांब सिमेंटचा, फूटभर जाड. आयुष्यात त्याने पहिल्यांदाच दोर बांधला होता.

"ह्ये काय?" कुसाबाई दचकली. "बांधत नाय दोर."

"म्हाईत हाय. चल, तुला गाडीत बसवतो. टांगलेला असला, की सुटतेस ना? मग ऱ्हाऊ दे टांगलेला."

त्याच्या मनात इतकंच होतं. स्टँडवर जाऊन यायला तास लागला असता. दोर तुटणार नव्हता. गाठ सुटणार नव्हती. माणसाच्या हातापेक्षा तो खांब शंभरपट पक्का होता, आणि हे सांगायला कुणी इंजिनिअर नको होता.

ते जिना उतरायला लागले. सहावा मजला. पाचवा. मोहिनीबाईंच्या दारातून टीव्हीचा आवाज येत होता. जिन्याच्या जाळीतून बाहेरचंही ऐकू येत होतं. धोंडीराम आधी शिव्या देत होता. मग शिव्या थांबल्या.

"चंदर!"

ते उतरत राहिले.

"चंदर, वर वढ! तीन दिले की रं!"

तिसऱ्या मजल्यावर त्याने अशी हाक ऐकली, की त्याचा पाय पायरीवर अडखळला. धोंडीराम त्याला "चंदूभाऊ" म्हणत होता. असं तो कधीच म्हणाला नव्हता. आवाज बारीक झाला होता. "कोन हाय वर? कोन हाय? चंदूभाऊ, कोन हाय दोराला?"

वर काय झालं ते मोहिनीबाईंनी नंतर पोलिसांना सांगितलं. काच पुसणारा माणूस एकाएकी दोर हिसडायला लागला. वर बघायचा, हिसडायचा, परत वर बघायचा. मग त्याचा चेहरा बदलला. दोर जागचा हलत नव्हता, तो फळीवर नीट बसलेला होता, पडायचं काही कारण नव्हतं. पण तो बुडणाऱ्या माणसासारखा हातपाय मारायला लागला. काचेवर थापा मारून म्हणायला लागला, आत घ्या, बाई, आत घ्या. त्या घाबरल्या. तो प्यायला आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी कडी लावली आणि पडदा ओढला.

बाकी सगळ्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या. फक्त मोहिनीबाईंच्या हॉलची मोठी सरकती काच बिनजाळीची होती, डोंगरांचा देखावा अडू नये म्हणून. धोंडीरामने भिंतीला पाय लावून झोका घेतला आणि दोन्ही टाचा काचेत मारल्या. पहिल्यांदा तडा गेला. दुसऱ्यांदा काच फुटली. फळी सुटून खाली गेली.

आवाज आला तेव्हा चंदर दुसऱ्या मजल्यावर होता. त्याने बहिणीकडे बघितलं. तिने उजव्या हाताने त्याचा शर्ट धरला. त्याने तो हळूच सोडवून घेतला आणि तो वर पळाला.

मोहिनीबाई दारात उभ्या होत्या, तोंडावर हात घेऊन. आत धोंडीराम चौकटीवर आडवा अडकला होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. चौकटीत काचेचे सुळे उभे होते आणि त्यांवर त्याचं पोट होतं. कमरेचा दोर वर बांधलेला, त्यामुळे सैल मिळत नव्हता. तो आत यायला धडपडत होता, दोर त्याला मागे खेचत होता, आणि प्रत्येक ओढीला काच आणखी आत जात होती. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा पडला होता. रक्त उड्या मारत होतं. सोफ्यावर, भिंतीवरच्या घड्याळावर, टीव्हीतल्या बाईच्या चेहऱ्यावर.

चंदरने खिशातून खरवडायची पत्ती काढली. पत्ती दोराला लागली तसा धोंडीराम किंचाळला.

"कापू नको! कापू नको रं!"

"आत हायस तू, दाजी. आत हायस."

त्याने दोर कापला आणि त्याला काखेत धरून आत ओढलं. पोटाखालून काच कचकन तुटली. दोघे फरशीवर पडले. चंदरने त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला दोन्ही अंगठे रोवले. रक्ताची उडी थांबली.

"दवाखान्यात फोन करा, बाई!"

मोहिनीबाईंनी फोन केला. पत्ता सांगताना त्यांची जीभ दोनदा अडखळली.

धोंडीराम त्याच्याकडे टक लावून बघत होता. ओठ पांढरे पडले होते. "कोन व्हतं दोराला?"

"कोनी नाय. खांबाला बांधला व्हता."

"बांधला?"

"व्हय."

धोंडीरामच्या डोळ्यांत तेव्हा जे आलं, ते चंदरने आग्या मोहोळाच्या माश्यांतही बघितलं नव्हतं. त्याचा डावा हात उठला आणि चंदरच्या नाकावर बसला. चंदरने मान फिरवली, पण अंगठे हलवले नाहीत. दुसरा ठोसा कानशिलावर बसला. धोंडीराम फरशीवर उताणा पडून, रक्तात घसरत, उरलेल्या एका हाताने त्याला मारत होता.

"अहो, काय करताय? तो तुम्हाला वाचवतोय!" मोहिनीबाई ओरडल्या.

कुसाबाई दारात येऊन उभी राहिली. जिना परत चढल्याने ती धापा टाकत होती. तिने फरशी बघितली, नवरा बघितला, भाऊ बघितला. चंदरने वर मान केली. त्याचं नाक फुटलं होतं. आता दोर नव्हता, खांब नव्हता, सात मजल्यांची उंचीही नव्हती. फक्त दोन अंगठे उचलायचे होते. आणि या खोलीत कुणालाही कळलं नसतं की ते दमून सुटले की मुद्दाम.

"बाय," तो म्हणाला, "सांग."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्याच्यावर रक्ताचे थेंब होते, पण काटे दिसत होते. सव्वा वाजला होता.

"धर त्याला," ती म्हणाली. "मी जाते तवर धर."

धोंडीरामने ते ऐकलं. तो उठायला बघायला लागला. "कुठं चालली? ए! कुठं चालली?" त्याने चंदरचे केस धरले आणि त्याचं डोकं फरशीवर आपटलं. चंदरने गुडघा त्याच्या छातीवर ठेवला. दाबला. आणखी दाबला. छातीतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. त्याला तो आवाज आवडला. त्याने गुडघा काढला नाही आणि अंगठेही काढले नाहीत.

मोहिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि एक ओढणी घेऊन आल्या. त्यांनी कुसाबाईचा मोडका हात त्या ओढणीत घातला आणि तिच्या मानेमागे गाठ मारली. आज त्यांनी पडलीस का म्हणून विचारलं नाही.

"रिक्षा करू का तुला?"

"नको बाई. जाते मी."

ती गेली. चंदर तिची पावलं ऐकत राहिला, चौथा, तिसरा, मग ऐकू येईनासं झालं. फुटलेल्या खिडकीतून वारा येत होता, पडदा रक्ताने जड होऊन हलत नव्हता. खालून कारभारीचा आवाज आला. "काय गं, हाताला काय झालं? काच पडली का अंगावर? ए, थांब की!" फाटकाची कडी वाजली.

धोंडीरामच्या ठोशांतला जोर ओसरत गेला. शेवटी तो नुसता चंदरच्या गालावर हात आपटत होता, झोपेतलं पोर आईला मारतं तसा. तो काहीतरी पुटपुटत होता. चंदरने ऐकायचा प्रयत्न केला नाही. पंचवीस मिनिटं झाली. अंगठ्यांतला जीव गेला होता. ते आपलेच आहेत की नाहीत, हे त्याला कळत नव्हतं. तो घड्याळाकडे बघत होता. पावणेदोन. दोनला दहा कमी. दोन.

दोन वाजून पाच मिनिटांनी दवाखान्याची गाडी आली. स्ट्रेचरवाल्या माणसाने वाकून बघितलं आणि म्हणाला, "सोडा आता. आम्ही बघतो."

चंदर म्हणाला, "दिंडोरीची गाडी येळेवर सुटते का हो?"

"काय?"

"दोनची."

"सुटली असेल. सोडा म्हणतो ना!"

चंदरने सोडायचा प्रयत्न केला. अंगठे उचलेनात. त्या माणसाला ते एक-एक करून उकलावे लागले, आधी डावा, मग उजवा.